लांब, आखूड, लांब

जगदेवराव धुमाळ बोलायला लागले की ग्वाल्हेरच्या दाना ओलीतली माणसं हातातलं काम थांबवून उभी राहत. त्यांचा पहिला शब्द बाहेर पडायला वेळ लागे, आणि तोवर निघून जाणं वाईट दिसे. माणूसही इतका भला, की त्याला वाईट वाटेल असं काही कुणाला करवत नसे. कोपऱ्यावरचा दूधवाला तर ते दिसल्याबरोबर दूध मापून लोट्यात ओतून टाकी, म्हणजे बिचाऱ्यांना मागायला नको.

घराणं शिपायांचं. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि लष्करातच राहिले. वडील सूर्याजीराव संस्थानच्या पलटणीत सुभेदार होते. त्यांचा आवाज असा, की मैदानाच्या एका टोकाला हुकूम दिला तर दुसऱ्या टोकाची कबुतरं उडत. त्यांच्या पोटी हा मुलगा आला, ज्याचे शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत. त्यातही 'क'शी त्याचं पहिल्यापासूनचं वैर. भरतीच्या दिवशी त्याला दहाबारा जवानांपुढे उभं केलं आणि 'क्विक मार्च' म्हणायला सांगितलं. जवान उभे राहिले, जगदेवही उभा राहिला. 'क'वर तोंड उघडं पडलं ते पडलंच. शेवटी कुणीतरी दुसऱ्यानं हुकूम दिला आणि रांग हलली. सूर्याजीरावांनी मुलाला मुकाट्यानं घरी आणलं आणि पलटणीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मग नातेवाइकांच्या ओळखीनं जगदेव छोट्या रेल्वेच्या एका आडगावच्या स्टेशनावर तारखात्यात शिकाऊ म्हणून लागला, आणि तिथे त्याला एक नवल कळलं. बोटं अडखळत नाहीत. तारेच्या किल्लीवर बोट ठेवलं की मनातलं सगळं सरसर निघून जाई. गाड्यांचे निरोप झाल्यावर तो इकडच्या तिकडच्या गोष्टीही करी. हवा कशी, आंबा आला का, स्टेशनमास्तरांच्या म्हशीचं काय झालं. त्याच मार्गावरच्या सबलगड स्टेशनचा तारबाबू त्याला 'बातूनी' म्हणत असे. पुढे एका लग्नात दोघांची गाठ पडली, तेव्हा त्या बाबूला खरंच वाटेना की एवढं बोलणारा तो हाच. दोघं शेजारी बसून मुकाट्यानं जेवले, आणि दुसऱ्या दिवशी तारेवर तासभर गप्पा मारल्या.

त्याचं लग्न उज्जैनच्या कुसुमशी झालं. घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली. बायकांनी गलका करून उखाण्याचा आग्रह धरला. उखाणा जगदेवनं पाठ केला होता, पण नवरीचं नाव 'क'पासून सुरू होत होतं. "क्‌... क्‌..." एवढंच होऊ लागलं. पंगतीत कुठेतरी हसण्याची खसखस पिकली. मुंडावळ्यांखालून कुसुमनं एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ताटातला लाडू उचलला आणि त्याच्या उघड्या तोंडात अख्खा कोंबला.

"झालं नाव घेऊन," ती शेजारच्या करवलीला म्हणाली. "मला ऐकू आलं."

त्या लाडवासाठी जगदेवराव जन्मभर तिचे ऋणी राहिले. तिला हाक मात्र त्यांनी कायम 'अगं' अशीच मारली.

लढाई सुरू झाली तेव्हा तार वाजवणारी माणसं सगळ्यांनाच हवी होती. जगदेवराव विमानदळात वायरलेस ऑपरेटर झाले, बर्माच्या बाजूला बरंच उडले आणि सेहेचाळीस साली धडधाकट घरी आले. त्या सुमारास लष्करानं विकायला काढलेली डाकोटा विमानं घेऊन ठिकठिकाणी लहान लहान विमान कंपन्या निघत होत्या. तशीच एक ग्वाल्हेरला निघाली. विमानं मोजकी, माणसंही मोजकी. शहराबाहेरच्या महाराजपूरच्या धावपट्टीवरून दिल्ली, भोपाळ, मुंबई अशा फेऱ्या होत. मुख्य वैमानिक होते कॅप्टन श्रीपाद लघाटे, दाना ओलीजवळच्याच दौलतगंजातले. त्यांचे वाडवडील दरबारात कारकुनी आणि पूजाअर्चा करत आले होते. घराण्यात आकाशात गेलेले पहिले लघाटे हेच. उंच, गोरे, रागीट आणि तितकेच मनमोकळे. त्यांचा जोडीदार वैमानिक गोपाळकृष्ण हा चोविशीतला पोरगा, मराठीत सुरुवात करून हिंदीत वाक्य संपवणारा. आणि त्या दोघांच्या पाठीमागच्या लहानशा टेबलाशी, कानाला यंत्र लावून बसणारे जगदेवराव. तिथे त्यांना कुणाशी बोलावं लागत नसे. बोटं चालत आणि मन शांत असे.

पण भोपाळला उतरताना एकदा विचित्र घडलं. विमानाची चाकं लघाटेसाहेबांनी खाली केली असतील असं गोपाळला वाटलं, आणि गोपाळनं केली असतील असं साहेबांना वाटलं. जमीन जवळ आली तेव्हा इशाऱ्याचा भोंगा किंचाळला, साहेबांनी सगळा जोर लावून विमान पुन्हा वर घेतलं आणि एक चक्कर मारून नीट उतरवलं. प्रवाशांना काहीच कळलं नाही. साहेब मात्र उतरल्यावर पंखाच्या सावलीत खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

ग्वाल्हेरला परत आल्यावर त्यांनी एक यादी टाइप केली. इंजिन सुरू करण्याआधी काय पाहायचं, उडण्याआधी काय, उतरण्याआधी काय, सगळं ओळीनं. आणि नियम घातला, की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं त्या त्या गोष्टीला हात लावून, हलवून, पाहून मगच उत्तर द्यायचं. आठवणीवर कुणीही विसंबायचं नाही, स्वतः साहेबांनीसुद्धा नाही.

"आणि वाचणार जगदेवराव," साहेब म्हणाले.

जगदेवरावांना वाटलं, साहेब थट्टा करताहेत. त्यांनी आधी गोपाळकडे बोट दाखवलं.

"गोपाळ? तो घाईत अर्ध्या ओळी गिळून टाकतो. शिवाय त्याचे हात कामात असतात."

"स्‌... साहेब, म्‌... माझं..."

"माहीत आहे मला. दौलतगंजातच वाढलोय मी. वेळ लागला तर लागू दे. पण तुम्ही एकही ओळ सोडणार नाही, हेसुद्धा मला माहीत आहे."

त्या संध्याकाळी जगदेवराव घरी आले ते चहाचा कप हातात धरून नुसते बसून राहिले. कुसुमताईंनी दोनतीनदा येऊन पाहिलं.

"असं तोंड का उतरलंय? काय परेशानी आहे ती सांगा तरी."

त्यांनी तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "न्‌... नोकरी सोडतो मी."

"सोडून टाका," कुसुमताई लगेच म्हणाल्या. "पण आधी मला दाखवा तर खरं, वाचायचं काय असतं ते."

यादी इंग्रजीत होती. त्यांनी ती बायकोसाठी देवनागरीत उतरवून दिली. कुसुमताईंनी ती मांडीवर घेऊन एकदा सगळी वाचली. एकाही शब्दाचा अर्थ कळला नाही, पण ओळी लहान लहान आहेत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"वाचा बरं."

'ब्रेक्स' निघालं, 'फ्युएल' निघालं. 'कंट्रोल्स' आलं आणि गाडी थांबली. जगदेवरावांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी कागद खाली ठेवला.

कुसुमताई पोळपाटापाशी बसल्या होत्या. त्यांनी एक लाटी पिठात घोळवली. मग म्हणाल्या, "आरती म्हणताना अडकता का हो तुम्ही कधी?"

त्यांनी मान हलवली.

"का नाही अडकत? टाळ असतो म्हणून. आता मी ठोका देते, त्यावर म्हणा." आणि त्यांनी लाटणं पोळपाटावर आपटायला सुरुवात केली. चौथ्या ठोक्याला 'कंट्रोल्स' टुणकन बाहेर पडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"अगं, पण विमानात प्‌... पोळपाट न्यायचा का?" जगदेवराव म्हणाले, आणि इतके हसले की चहा सांडला.

पोळपाटाची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सराव करताना त्यांचं बोट आपोआप गुडघ्यावर वाजू लागलं. तारेच्या लिपीतला इंग्रजी 'के'. लांब, आखूड, लांब. ते वाजवून झालं की घशातली गाठ सुटल्यासारखी होई आणि शब्द निघे.

"हे काय वाजवता?" कुसुमताईंनी विचारलं.

त्यांनी समजावलं. ते 'क' अक्षर. आणि आपला निरोप संपल्यावर हे एकच अक्षर वाजवलं तर त्याचा अर्थ होतो, माझं झालं, आता तुम्ही बोला.

कुसुमताईंचा चेहरा खुलला. "म्हणजे माझ्या नावाचं पहिलं अक्षर वाजलं की बोलायची परवानगी?"

"ह्‌... हो."

"मग इतकी वर्षं मी एवढं बोलते ते कायद्याला धरूनच आहे की!"

त्यानंतर त्या घरात रोज संध्याकाळी विमान उडू लागलं. कुसुमताई पाटावर कॅप्टन होऊन बसत. जगदेवराव मागे उभे राहून वाचत. 'मिक्श्चर' म्हटलं की त्या मसाल्याच्या डब्याला हात लावत, 'थ्रॉटल' म्हटलं की स्टोव्हच्या चावीला. नुसतं उत्तर दिलं आणि हात लावायला विसरल्या तर जगदेवराव तीच ओळ पुन्हा वाचत, कारण नियमच तसा होता. कुसुमताई चिडत. "लावला होता हात! तुम्ही बघितलं नाही." तरी ओळ पुन्हा वाचली जाई, आणि त्या कुरकुरत डब्याला हात लावत. शेजारच्या विजयाबाई पीठ मागायला आल्या आणि दारातच थबकल्या, तेव्हा त्यांना वाटलं, या दोघांना काहीतरी झालंय.

सूर्याजीराव बाहेरच्या सोप्यात खाटेवर पडून हे सारं ऐकत असत. सुरुवातीला ते गप्प राहिले. एके दिवशी काठी टेकत आत आले.

"शेवटचा शब्द खाली पाडू नकोस," ते म्हणाले. "हुकूम देताना श्वास पोटातून यायला पाहिजे. हं, म्हण."

जगदेवरावांनी म्हटलं.

"परत."

परत म्हटलं. म्हातारा खाली बसला. "आफ्रिकेत असताना मला ताप आला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं. शुद्धीवर आलो तर लोक म्हणाले, सुभेदार, तुम्ही रात्रभर बंदूक उघडून साफ करत होतात, एकही भाग चुकला नाही. मी नव्हतो करत. हात करत होते. कवायत असते ती त्यासाठी." मग थोडं थांबून, मुलाकडे न बघता ते म्हणाले, "भरतीला नेण्याआधी मी तुझ्याकडून घरी असा सराव करून घ्यायला पाहिजे होता. मला सुचलं नाही."

कुसुमताईंनी सासऱ्यांपुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मामंजी, आता तुम्ही कॅप्टन व्हा. मला पोळ्या करायच्यात."

विमानात पहिल्यांदा यादी वाचली गेली तेव्हा गोपाळनं श्वास रोखून धरला होता. मागून टेबलावर बोटाचा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ ओळ आली, स्वच्छ, शेवटच्या शब्दासकट. लघाटेसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. प्रत्येक गोष्टीला हात लावून उत्तरं दिली. आकाशात गेल्यावर गोपाळ वळून म्हणाला, "जगदेवदादा, आपने तो कमाल कर दिया!" त्यावर जगदेवरावांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण ते यादीतलं नव्हतं, म्हणून अडकलं. ते नुसते हसले.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. यादी सगळ्यांच्या अंगवळणी पडली. इतकी, की साहेबांची उत्तरं कधी कधी ओळ पुरी होण्याआधीच येऊ लागली.

मे महिन्यात मुलीकडच्या एका वऱ्हाडाला मुंबईला न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त. साहेबांनी सकाळीच विमानाला फेरी मारून सगळं नीट तपासलं होतं. दुपारी माणसं चढली, सामान चढलं, आणि तेवढ्यात पश्चिमेकडून आंधी आली. आकाश मातकट झालं, हँगरचे पत्रे खडखडू लागले. उभ्या विमानाच्या पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या वाऱ्यानं आपटून मोडू नयेत म्हणून त्यांना बाहेरून लाकडी पकडी लावतात आणि पकडीला तांबडी फीत बांधतात, कारण ती काढायची राहिली तर विमान हवेत सावरता येत नाही. मेकॅनिक कान्होजीनं धावत जाऊन त्या सगळ्या लावल्या. वऱ्हाडी मंडळी विमानातच उकडत बसली. लहान मुलं रडू लागली. वधूपिता दर थोड्या वेळानं पुढे येऊन विचारी, "कॅप्टनसाहेब, और कितनी देर?"

आंधी ओसरली तसं सगळ्यांनाच घाई झाली. कान्होजीनं शेपटीच्या पकडी काढल्या, डाव्या पंखाची काढली, आणि उजवीकडे जाणार तेवढ्यात कुणीतरी त्याला इंजिनावरची वाळू झटकायला हाक मारली. तो तिकडे गेला. उजव्या पंखाची पकड तशीच राहिली. धूळ एवढी होती, की तांबडी फीत तिथेच फडफडत असूनही कुणाच्या नजरेस पडली नाही. जगदेवराव स्वतः विमानाला वळसा घालून चढले होते, तेही डावीकडूनच.

इंजिनं सुरू झाली. विमान धावपट्टीच्या टोकाशी आलं. जगदेवराव उठून दोघांच्या मागे उभे राहिले आणि वाचू लागले. उत्तरं भराभर येत होती.

बोट टेबलाच्या कडेवर वाजलं. "कंट्रोल्स?"

"फ्री," साहेब म्हणाले. त्यांचे दोन्ही हात दुसरीकडेच होते. सकाळी तपासलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

जगदेवरावांनी पुढची ओळ वाचली नाही. काही बिघडलंय असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. फक्त उत्तर आलं होतं आणि हात हलला नव्हता, एवढंच. 'साहेब, आपण हलवून पाहिलं नाहीत' असं त्यांना सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. पण ते कागदावरचं नव्हतं. "स्‌... स्‌..." करून ते तिथेच अडलं. दुसरा कुणी असता तर दोन शब्द अदबीनं बोलून, मग साहेबांचा चेहरा बघून गप्प बसला असता. जगदेवरावांपाशी एकच ओळ होती, जी अडखळत नव्हती.

लांब, आखूड, लांब. "कंट्रोल्स?"

"सांगितलं ना, फ्री!" साहेबांनी दांडा पुढे ढकलला आणि मागे ओढला. तो सहज सरकला. "बघा. झालं? पुढचं वाचा."

दांड्यानं शेपटीच्या फळ्या हलत आणि त्याच्या वरच्या चाकानं पंखांच्या, म्हणून नियम असा होता, की दांडा पुढेमागे करायचा आणि चाकही दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं. चाक फिरलं नव्हतं. जगदेवरावांची नजर त्याच ओळीवर राहिली. मागून पडदा सारून वधूपित्यानं डोकं आत घातलं. गोपाळ हळूच म्हणाला, "दादा, छोडिये ना, देर हो रही है." जगदेवरावांना मसाल्याच्या डब्याला हात न लावता 'झालं झालं' म्हणणाऱ्या कुसुमताई आठवल्या, आणि घरात आपण किती सहज पुन्हा वाचतो तेही आठवलं. बोट पुन्हा टेबलाच्या कडेवर वाजलं.

"कंट्रोल्स?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "जगदेवराव, काय चाललंय तुमचं?" असं ओरडत त्यांनी त्यांना गप्प करण्यासाठी म्हणून चाक जोरात फिरवलं.

ते फिरलं नाही.

साहेबांनी पुन्हा जोर लावला. चाक भिंतीत गाडल्यासारखं होतं. साहेबांनी उजव्या खिडकीकडे मान वाकवली, गोपाळनं खिडकीवरची धूळ बाहीनं पुसली, आणि दोघांना पंखाच्या टोकाकडे ती तांबडी फीत दिसली.

साहेबांनी इंजिनं बंद केली. एकाएकी इतकं शांत झालं, की मागे एक बाई मुलाला थोपटताना गुणगुणत होती तेही ऐकू आलं. कान्होजी लांबून धावत आला, पकड काढली आणि ती हातात घेऊन खालीच उभा राहिला. तो रडत होता.

साहेब खाली उतरले. त्यांनी कान्होजीच्या खांद्यावर हात ठेवला, विमानाला पूर्ण फेरी मारली, प्रत्येक फळी स्वतः हलवून पाहिली, आणि परत येऊन बसले. "जगदेवराव," ते म्हणाले, "पहिल्या ओळीपासून."

यादी पहिल्या ओळीपासून वाचली गेली. विमान मुंबईला पोचलं. वधूपित्यानं उतरताना उशीर झाल्याबद्दल जरा नाराजीच दाखवली.

जगदेवरावांनी यातलं घरी अक्षरही सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी लघाटेसाहेब मिठाईचा पुडा घेऊन दाना ओलीत हजर झाले. कुसुमताईंनी भरली वांगी, आमटी आणि पुऱ्या केल्या होत्या. साहेब सूर्याजीरावांच्या शेजारी जमिनीवर बसून जेवले आणि जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, मी त्या दिवशी अठ्ठावीस माणसं मारणार होतो ते."

कुसुमताईंच्या हातातली पुरी परातीत पडली. साहेबांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूक लपवली नाही. "यादी मीच केली, नियम मीच घातला, आणि मीच तोंडपाठ उत्तर दिलं. ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, खरं सांगतो, यांना नोकरीवरून काढायचं असं मी मनात ठरवून टाकलं होतं."

कुसुमताई उठून आत गेल्या. जगदेवराव मागोमाग गेले तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदर तोंडात धरला होता.

"अगं..."

"बोलू नका माझ्याशी. एवढं झालं आणि मला सांगायचं नाही? परेशान होईन म्हणून? मी रोज इथे पाटावर बसून विमान उडवते ते काय गंमत म्हणून?"

जगदेवरावांनी काही बोलायचा प्रयत्न केला, तो साधला नाही, म्हणून त्यांनी ताटातली पुरी उचलून तिच्या हातात दिली. त्या रडता रडता हसल्या. "जा, बाहेर जाऊन बसा. पाहुणे एकटे आहेत. आमटी गरम करून आणते."

बाहेर सूर्याजीराव साहेबांना विचारत होते, "तीनदा विचारलं? आवाज कसा होता त्याचा?"

"तुमच्यासारखा," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्यानं आमटीचा भुरका मारला आणि परातीतली एक पुरी उचलून साहेबांच्या ताटात वाढली.

साहेबांनी नियमात दोन ओळी वाढवल्या. हात हललेला दिसेपर्यंत वाचणाऱ्यानं पुढे जायचं नाही. आणि वाचणाऱ्यानं तीच ओळ कितीदाही वाचली तरी कॅप्टननं रागवायचं नाही. दुसरी ओळ पाळणं साहेबांना जड गेलं, पण त्यांनी पाळली. कंपनीत नवी माणसं आली की त्यांना ही पद्धत शिकवायचं काम जगदेवरावांकडे आलं. ते शिकवायला उभे राहत, आणि एकेक वाक्य पुरं व्हायला एवढा वेळ लागे, की उतावीळ पोरंही हळूहळू शांत होऊन बसत. वाक्य फारच अडलं तर कान्होजी मागून ते पुरं करी. यादीवर आले की मात्र जगदेवराव एकदम वेगळेच होत. ताठ उभे राहत, आवाज पोटातून येई, आणि पोरं दचकून खुर्चीत सरळ बसत.

जुलैत कुसुमताईंची मुंबईची बहीण सुमनताई बाळंत झाली. साहेब म्हणाले, "वहिनी, आगगाडीनं कशाला? आपल्या विमानातून चला." कुसुमताईंनी नवं लुगडं नेसलं, मोगऱ्याचा गजरा घातला, आणि दौलतगंजापर्यंतच्या सगळ्या ओळखीच्या बायकांना सांगून ठेवलं. विमानात त्या पुढच्याच खुर्चीवर बसल्या. पडद्याआडून नवऱ्याचा आवाज येऊ लागला तशा त्या शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाल्या, "हे आमचे."

घाटाजवळ ढग लागले. विमान एकदा धाडकन खाली गेलं, मग वर उचललं गेलं, मग पुन्हा खाली. कुसुमताईंनी डोळे गच्च मिटले. थोड्या वेळानं त्यांना कागदी पिशवीची गरज पडली, आणि नंतर दुसरीची. निरोपांमधून सवड मिळताच जगदेवराव टेबल सोडून मागे आले, खाली उकिडवे बसले आणि त्यांनी तिचं कपाळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं. गजरा कधीच खाली पडला होता.

"येताना," कुसुमताई कण्हत म्हणाल्या, "मी आगगाडीनं येणार. तुमच्या साहेबांना सांगून टाका."

जगदेवरावांनी मान हलवली, रुमाल ओला करून तिच्या मानेवर ठेवला, आणि पलीकडच्या खुर्चीवरून तिसरी पिशवी हळूच काढून घेतली.